मंदक्रोध : एका शब्दाची कुळकथा

मराठीत राग नाकावर बसतो. अमक्याच्या नाकावर राग आहे म्हटलं की ऐकणारा समजून जातो, याच्याशी जपून बोलायला हवं. आग तळपायातून मस्तकात जाते, आठ्या कपाळावर पडतात, डोळे लाल होतात. पण रागाचा कायमचा मुक्काम नाकाच्या शेंड्यावर. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियातल्या हिब्रू भाषेनेही रागाला हीच जागा दिली होती. हिब्रूत 'अफ' म्हणजे नाक, आणि 'अफ' म्हणजेच राग. कोणी संतापला की त्याचं नाक पेटलं, असं ते लोक म्हणत. फुललेल्या नाकपुड्या आणि त्यांतून सुटणारा गरम श्वास त्या एका शब्दात सामावलेला आहे.

त्या नाकाशी थेट नातं सांगणारा एक शब्द मराठीत आहे: मंदक्रोध. बाजारात तो ऐकू येत नाही, वर्तमानपत्रात दिसत नाही. तो भेटतो मराठी पवित्र शास्त्रात. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतल्या ख्राइस्ट चर्चमध्ये, किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या खेड्यात पत्र्याच्या छपराखाली भरणाऱ्या उपासनेत, १०३ वं स्तोत्र वाचायला घेतलं की आठव्या वचनात तो येतो. तो देवाचं विशेषण आहे. वाचणारा सवयीने वाचतो, मंडळी सवयीने ऐकते, आणि पेटी-तबल्याच्या साथीने पुढचं गाणं सुरू होतं.

या शब्दाची कुळी शोधावीशी वाटली ती गाण्यांमुळेच. देवाच्या क्रोधाला भक्तिगीतात जागा असावी की नसावी, यावर ख्रिस्ती जगात मोठा वाद आहे. काही ओळी बदलल्या गेल्या. जी गाणी बदलू दिली नाहीत ती पुस्तकाबाहेर राहिली. हा वाद समजून घेताना मला सारखं वाटत राहिलं, की ज्या शब्दावरून इंग्रजीत इतकी ओढाताण चालली आहे त्याचं मराठी भावंड आपल्या स्तोत्रसंहितेत केव्हापासून बसलेलं आहे, आणि त्याच्यापाशी या वादात सांगण्यासारखं काही आहे.

शब्दाचं मूळ गाव सीनाय डोंगर. निर्गमाच्या पुस्तकातला प्रसंग असा: मोशे दगडी पाट्या घेऊन डोंगरावरून उतरतो, तर खाली लोक सोन्याच्या वासराभोवती नाचत असतात. मोशेचं नाक पेटतं. तो पाट्या आपटून फोडतो. देवही संतापलेला असतो. मोशेनेच मध्ये पडून त्याची विनवणी केलेली असते. मग मोशे नव्या पाट्या घेऊन पुन्हा डोंगर चढतो, आणि ३४ व्या अध्यायात ढगातून उतरलेला देव स्वतःची ओळख स्वतः सांगतो. दयाळू, कृपाळू, आणि 'एरेख अप्पायिम'. शब्दशः अर्थ घेतला तर 'लांब नाकपुड्यांचा': ज्याचा श्वास तापायला फार वेळ लागतो असा. मराठी भाषांतरकारांनी इथे मंदक्रोध हा शब्द योजला.

ही ओळख वासराच्या प्रसंगाआधी आली असती तर ती नुसती स्तुती ठरली असती. ती आली पाट्या फुटल्यावर. देवाला राग येतच नाही असं ती म्हणत नाही. राग नुकताच येऊन गेलेला आहे, त्याच्या खुणा दगडाच्या तुकड्यांत पडलेल्या आहेत. ती एवढंच सांगते, की या देवाच्या रागाला वाट पाहता येते.

पुढे हा शब्दप्रयोग गणना, नहेम्या, योएल, आणि ८६, १०३, १४५ ही स्तोत्रं अशा ठिकाणी पुन्हा पुन्हा येतो. जणू इस्राएली लोकांनी आपल्या देवाचं वर्णन करायचं तर ते कसं करावं, याचा पाठच ठरून गेला होता. नीतिसूत्रांच्या १६ व्या अध्यायात तोच शब्दप्रयोग माणसाला लावला आहे: ज्याचा राग सावकाश चढतो तो शूरवीराहून थोर.

या पाठाची सगळ्यांत कठीण परीक्षा योनाच्या पुस्तकात झाली. निनवे हे अश्शूरी साम्राज्याचं शहर, इस्राएलचा वैरी. त्या शहराचा नाश होणार, असं सांगायला देवाने योनाला पाठवलं. शहराने पश्चात्ताप केला आणि देवाने नाश टाळला. तेव्हा संतापला तो संदेष्टा. चौथ्या अध्यायात योना देवाला म्हणतो, की मला हे आधीच ठाऊक होतं, तू मंदक्रोध आहेस, म्हणूनच मी पळून जात होतो. स्तोत्रात ज्या शब्दाने स्तुती होते त्याच शब्दाने इथे तक्रार होते. जुलमी शहरावर देव रागवायला उशीर लावतो, ही अन्याय सोसलेल्या माणसाची तक्रार आहे, आणि ती शास्त्राने गाळून टाकलेली नाही.

नहूमचं पुस्तकही त्याच निनवे शहराबद्दल आहे. त्याच्या पहिल्याच अध्यायात तोच शब्दप्रयोग येतो, पण सूर वेगळा: देव मंदक्रोध आहे, तरी त्याचं सामर्थ्य मोठं आहे आणि तो अपराध्याला मोकळं सोडणार नाही. एक शहर, एक शब्द, दोन संदेष्टे. एकाला वाटतं देव फार सावकाश रागावतो. दुसरा सांगतो, सावकाश असला तरी राग आहे. आज चर्चेच्या खोल्यांमधून चाललेला वाद या दोन लहान पुस्तकांनी कधीच मांडून ठेवला आहे.

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात हिब्रू शास्त्राचं ग्रीक भाषांतर होऊ लागलं. ग्रीक माणसाला लांब नाकपुड्या हा काय प्रकार आहे ते कळलं नसतं. भाषांतरकारांनी 'मॅक्रोथुमोस' हा शब्द घेतला. 'मॅक्रोस' म्हणजे लांब, 'थुमोस' म्हणजे उसळणारा आवेग. नाक गेलं, लांबी उरली. नव्या करारात पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना प्रीतीचं पहिलं लक्षण म्हणून याच शब्दाचं क्रियापद वापरलं. मराठीत ते 'सहनशील' असं आलं. त्यामुळे मराठी वाचकाच्या लक्षात येत नाही, की १०३ व्या स्तोत्रातला मंदक्रोध आणि करिंथकरांच्या पत्रातली सहनशील प्रीती एकाच घरातली माणसं आहेत. लग्नात पाळकसाहेब वधूवरांसमोर तो अध्याय वाचतात तेव्हा खरं तर सीनायवरचीच ओळख पुन्हा वाचली जात असते.

देवाला राग असावा का, हा प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांतच उभा राहिला. इसवी सन १४४ च्या सुमारास रोममध्ये मार्सियन नावाच्या शिक्षकाने जुन्या करारातला रागावणारा देव आणि येशूचा पिता असे दोन वेगळे देव मानले. मंडळीने त्याला बाहेर काढलं. चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टान्शियस या लॅटिन लेखकाने देवाच्या क्रोधावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्याला वाइटाचा राग येत नाही त्याला चांगल्याचं प्रेमही नसतं. हा युक्तिवाद अजून कोणी मोडून काढलेला नाही, असं मला वाटतं.

मराठीत मात्र या प्रश्नाला निराळाच पेच पडतो, आणि तो क्रोध या शब्दानेच पडतो. आपल्याकडे रागाला शब्दांची उणीव नाही. रुसवा प्रेमातला, रोष मनात धरलेला, त्वेष लढाईतला, चीड अन्यायाची, संताप जिवाला जाळणारा. वरून येतो तो कोप: देवाचा, देवीचा, निसर्गाचा. आणि क्रोध? क्रोध तर षड्रिपूंपैकी एक. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे लहानपणापासून पाठ झालेलं असतं. साधू व्हायचं तर क्रोध जिंकायचा. इंग्रजी भाविक देवाच्या क्रोधाबद्दल गातो तेव्हा त्याच्या कानावर राजा किंवा न्यायाधीश येतो. मराठी भाविकाच्या कानावर सहा शत्रूंपैकी एक येतो, आणि तो देवाच्या अंगी कसा, असं त्याला वाटलं तर त्यात नवल नाही.

त्यातून ही भूमी पैठणची. संभाजीनगरपासून पन्नासेक किलोमीटरवर, गोदावरीच्या काठी एकनाथांचं गाव. स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक माणूस पुन्हा पुन्हा थुंकला आणि नाथ प्रत्येक वेळी परत जाऊन गोदेत बुडी मारून आले, ही कथा मराठवाड्यात कोणाला ठाऊक नाही? शेवटी तो थुंकणाराच पायांवर पडला. नाथांना लोकांनी शांतिब्रह्म म्हटलं. पैठणजवळचंच आपेगाव ज्ञानदेवांचं. जगावर रागावून ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांना धाकटी मुक्ताई दार उघडायला लावते, ते ताटीचे अभंग म्हणजे राग ओसरवण्याचं मराठीतलं सर्वांत कोमल काव्य. आणि गंगाखेडची जनाबाई तर उलट विठोबालाच फैलावर घेते. आपल्या भक्तिपरंपरेत देव भक्तावर रागावतो त्यापेक्षा भक्तच देवावर अधिक रागावतो, रुसतो, भांडतो.

असा क्रोध देवाला लावायचा तर त्याला काही लगाम हवा. मराठी शास्त्रात तो लगाम एका समासाने घातला. ज्याचा क्रोध मंद आहे तो मंदक्रोध, हा बहुव्रीही समास. शत्रूंच्या यादीतला शब्द मागे बसवला आणि पुढे 'मंद' जोडला. हिंदी शास्त्रात त्याच जागी अनेक शब्दांचा प्रयोग करावा लागला. मराठीत एका शब्दात काम झालं. 'मंद' मध्ये सावकाशपण आहे, तसं सौम्यपणही आहे: मंद वारा, मंद आच. एवढं खरं, की मंद म्हणजे क्षीण असाही अर्थ होतो, जसा मंद प्रकाश. हिब्रूतली लांब नाकपुडी क्षीण नाही. ती नुसती उशिरा पेटते. देवाचा राग सावकाश आहे की दुबळा आहे, हा योनाचा आणि नहूमचा प्रश्न या मराठी समासाच्या पोटात शिल्लकच राहिला.

हा शब्द घेऊन प्रचारक मराठवाड्यात आले तेव्हा इथली माणसं कोणत्या रागाला भीत होती, तेही पाहायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात औरंगाबाद, आजचं संभाजीनगर, निजामाच्या राज्यात होतं. लोक या मुलखाला मोगलाई म्हणत. औरंगाबादला चर्च मिशनरी सोसायटीचं काम पारशी घरात जन्मलेले रेव्हरंड रतनजी नौरोजी यांनी वाढवलं. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. तिथे ब्राह्मण कुळात जन्मलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत वसवली. हे दोघे पाळक पारशी आणि ब्राह्मण कुळांतले, पण त्यांचं ऐकून जी मंडळी बाप्तिस्मा घ्यायला पुढे आली ती बहुतेक महार आणि मांग समाजांतली होती.

या माणसांना देवीचा कोप चांगल्या ओळखीचा होता. पटकी आली की मरीआई कोपली. मग गावाने तिचा गाडा काढायचा, शिवेबाहेर ढकलून द्यायचा. पोतराजाने केस वाढवून, कमरेला चिंध्या बांधून दारोदार जायचं आणि स्वतःच्या पाठीवर कोरडे ओढायचे. गाव सगळ्यांचं, पण कोप शांत करण्याचं काम, त्यातलं रक्त आणि त्यातली भीक, गावकुसाबाहेरच्यांच्या वाट्याला. आजार गावाचा आणि पाठ पोतराजाची.

अशा माणसाला कोणी सांगितलं, की सगळ्यांचं प्रायश्चित्त एकाने वधस्तंभावर करून टाकलं, आता कोणाच्या पाठीवर आसूड पडायला नको, तर त्याच्या कानाला ती शिक्षेची बातमी वाटेल का? मला वाटतं, ती सुटकेची बातमी होती. परदेशातल्या सुस्थित भाविकाला क्रोध शमल्याची ओळ क्रूर वाटते, कारण त्याच्या जगात कोप शमवण्याचं काम कोणाच्या रोजच्या पोटापाण्याला बांधलेलं नाही. मराठवाड्यात ते बांधलेलं होतं. कोप कायमचा शमला, हे वाक्य इथे एका जातीची वेठ संपल्याचं वाक्य होऊ शकत होतं.

पण तेच वाक्य धाकासाठीही वापरता येतं, आणि वापरलं गेलं. इंग्लंडच्या चर्चचं १६६२ चं प्रार्थनापुस्तक घ्या. प्रभुभोजनाआधीच्या पापकबुलीत आमच्या अपराधांमुळे देवाचा क्रोध न्यायानेच ओढवला आहे, असं म्हणावं लागतं. दुष्काळात होरपळलेल्या, आधीच सगळ्या गावाच्या शिव्या खाणाऱ्या माणसाच्या तोंडी ही कबुली दिली की तिचं वजन वेगळं होतं. दोष कोणाचा आणि कबुली कोणाची, हा प्रश्न तिथे उभा राहतो.

या दोन टोकांमधून मराठी ख्रिस्ती गाण्याने आपली वाट काढली. सतराव्या शतकाच्या आरंभी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ख्रिस्तपुराण छापून ओवीला येशूची कथा शिकवली होतीच. पण एकोणिसाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी सुरुवात केली ती इंग्रजी गीतांच्या भाषांतरांनी, इंग्रजी चालींवर. शब्द मराठी, श्वास परका. अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या कवींनी देशी चाली आणल्या, ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं, टाळ-मृदंग देवळात आला.

मग आले नारायण वामन टिळक. जन्म १८६१, बाप्तिस्मा १८९५, मृत्यू १९१९. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांच्या भजनांत आणि अभंगांत ख्रिस्त गुरू होतो आणि आई होतो. ज्ञानदेव माउली, विठाई माउली, त्याच ओळीत ख्रिस्त. मराठी उपासनासंगीताचा कणा आजही टिळकांच्या गाण्यांचा आहे, आणि त्या गाण्यांचं मन वात्सल्याचं आहे. मराठी मंडळीने क्रोधाची ओळ कोणत्या बैठकीत, कोणत्या ठरावाने खोडली नाही. तिने देवाला आई म्हटलं, आणि क्रोध आपोआप आईच्या रागाच्या मापाचा झाला. आई रागावते, पण ताट वाढून ठेवते.

यातली मला सर्वांत हृद्य वाटणारी गोष्ट अशी, की हे गाणारे टिळक स्वतः शीघ्रकोपी होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपल्या आत्मचरित्रात, 'स्मृतिचित्रे'त, त्यांचा राग लपवलेला नाही. तो भडकायचाही पटकन आणि विरघळायचाही पटकन. ज्याला स्वतःच्या नाकावरचा राग ठाऊक होता त्यानेच मंदक्रोध देवाची ओढ इतक्या आर्ततेने गायिली. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुढे लक्ष्मीबाईंनी ६४ अध्याय लिहून नेलं. त्या रागाची सर्वांत जवळची साक्षीदार त्याच येशूची कथा पुढे सांगत बसली होती.

आता त्या गाजलेल्या वादाकडे येतो. २००१ मध्ये उत्तर आयर्लंडचे कीथ गेटी आणि इंग्लंडचे स्टुअर्ट टाउनेंड यांनी 'इन क्राइस्ट अलोन' हे गीत रचलं. ते जगभर पसरलं. त्यात वधस्तंभावर देवाचा क्रोध भागला अशा अर्थाची एक ओळ आहे. अमेरिकेतलं मोठं प्रेस्बिटेरियन चर्च नवं गीतपुस्तक करत होतं. समितीने हे गीत आधी निवडलं, पण तिच्यासमोर जो पाठ होता त्यात क्रोधाच्या जागी देवाच्या प्रीतीचा महिमा आलेला होता. दुसऱ्या एका गीतपुस्तकाने तो २०१० मध्ये तसा छापला होता. कवींकडे रीतसर परवानगी मागितली, तेव्हा त्यांनी नकार दिला. मूळ ओळीसह गीत घ्यायचं की सोडायचं यावर मतदान झालं आणि सहा विरुद्ध नऊ मतांनी ते सोडलं गेलं. २०१३ मध्ये पुस्तक त्या गीताशिवाय निघालं. सोडणाऱ्यांचं म्हणणं होतं, की क्रूस म्हणजे मुख्यतः देवाची रागाची गरज भागवणं, असा समज पुढच्या पिढीला गाण्यातून द्यायचा नाही. घेणाऱ्यांचं म्हणणं, की मंडळीत अनेक मतांची माणसं असतात, पुस्तकात त्यांना जागा हवी.

गाण्यातली ओळ बदलावी का, हाही वाद जुनाच. जॉन वेस्ली यांनी १७७९ मध्ये आपल्या गीतपुस्तकाच्या प्रस्तावनेत इतरांना बजावलं, की आमची गीतं सुधारायच्या फंदात पडू नका; स्वतः त्यांनी मात्र इतरांच्या गीतांत फेरफार केले होते. आपल्याकडे अभंगाच्या शेवटी कवीची नाममुद्रा असते. आतले शब्द बदलून शेवटी 'तुका म्हणे' तसंच ठेवलं, तर तुका जे म्हणाला नाही ते त्याच्या तोंडी घातलं जातं. म्हणून गेटी आणि टाउनेंड यांचा नकार मला पटतो. समितीने ओळ न बदलता गीतच सोडलं, हेही सरळ वागणं झालं.

माझं मन अडतं ते त्या ओळीतल्या 'सॅटिस्फाइड' या इंग्रजी क्रियापदावर. त्यामागे मोठा इतिहास आहे. कँटरबरीचे अन्सेल्म यांनी १०९८ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ग्रंथात माणसाचं पाप म्हणजे देवाच्या मानाचं थकलेलं देणं, असं मांडलं. त्या काळच्या सरंजामी समाजात ते सहज समजे. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांनी ते न्यायालयात नेलं. देण्याच्या जागी शिक्षा आली. ते क्रियापद मराठीत कसं आणाल? क्रोध 'तृप्त झाला' म्हटलं, तर देव रक्ताला भुकेला होतो, आणि मरीआईचा गाडा पुन्हा दारात येतो. 'फिटला' म्हटलं, तर सावकाराची वही उघडते. 'शमला' म्हटलं, तर आग किंवा ताप डोळ्यांपुढे येतो. 'निवाला' म्हटलं, तर आईने फुंकर घालून निववलेलं दूध. एका इंग्रजी शब्दाच्या जागी मराठीत चार दारं आहेत, आणि प्रत्येक दारामागे वेगळा देव उभा आहे. ओळ ठेवावी की गाळावी, एवढाच प्रश्न नसतो. ती कोणत्या दाराने आत येते, हाही असतो.

क्रोधाला गाण्याबाहेर ठेवण्याचा निर्णय कॅथलिक चर्चनेही घेतला. झेफन्याच्या भविष्यवाणीतून स्फुरलेलं, न्यायाच्या दिवसाचं 'दिएस इरे' हे लॅटिन गीत शतकानुशतकं मृतांच्या मिस्सेत गायलं जाई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आलेल्या नव्या मिस्सेत ते राहिलं नाही. शोकात बुडालेल्या माणसांपुढे भीतीपेक्षा पुनरुत्थानाची आशा असावी, हा विचार त्यामागे होता. नव्या प्रार्थनाक्रमातून शत्रूला शाप देणारी ५८, ८३ आणि १०९ ही स्तोत्रंही वगळली गेली. मृताच्या घरची माणसं समोर बसलेली असताना 'दिएस इरे' न गाणं योग्यच वाटतं.

तरी संभाजीनगरात बसून मला ही गोष्ट एवढ्यावर सोडता येत नाही. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने याच शहरात, आजच्या मिलिंद महाविद्यालयाच्या रूपाने, मराठवाड्यातल्या दलित मुलांना उच्च शिक्षणाचं दार उघडलं. साठच्या दशकाच्या अखेरीस डॉ. गंगाधर पानतावणे यांनी याच शहरातून 'अस्मितादर्श' हे नियतकालिक सुरू केलं. त्यातून बोलणाऱ्या दलित साहित्याच्या चळवळीने मराठी साहित्याला सांगितलं, की प्रत्येक क्रोध षड्रिपू नसतो. पाणवठ्यावरून हाकललेल्याचा संताप हा दुर्गुण मानणं ही हाकलणाऱ्याची सोय आहे. या शहराने मराठीला रागाची दुसरी बाजू दाखवली. पैठणची शांती आणि 'अस्मितादर्श'ची चीड एकाच जिल्ह्यातली.

त्या चिडीच्या उजेडात पाहिलं, की रागावताच न येणारा देव कोणाला परवडतो ते कळतं. ज्याचं काही हिरावलेलं नाही त्याला. ज्याची झोपडी जाळली गेली तो विचारणारच, की देवा, तुला याची चीड आली का? आली नसेल, तर तुझं प्रेम कसलं? योनाची तक्रार हीच होती. म्हणून क्रोध गाण्यातून पुसून टाकावा असं मला वाटत नाही. तो कोणी, कोणाकडे तोंड करून गायचा, हे पाहावं. सोसलेल्याच्या तोंडी क्रोधाची ओळ म्हणजे आशा असते. व्यासपीठावरून सोसलेल्यालाच ऐकवली, की तीच ओळ कोरडा होते.

मंदक्रोध हा शब्द या दोन्ही गोष्टी धरून ठेवतो. त्यातला क्रोध अन्याय सोसणाऱ्याला सांगतो की देवाने पाहिलं आहे. त्यातला मंद अपराध्याला सांगतो की अजून वेळ आहे. क्रोध काढला तर नहूम गप्प होतो, मंद काढला तर योनाच्या मनासारखं होतं आणि निनवे जळतं. मराठवाड्यातल्या तरुण गानपथकांत आज गिटार आणि कीबोर्ड आले आहेत, इंग्रजी-हिंदी गीतांची मराठी रूपं होत आहेत. ती करणाऱ्यांनी एकदा १०३ व्या स्तोत्रापाशी थांबावं. शब्द शोधायला लांब जावं लागणार नाही.

आणि आपल्या भाषेत रागाचा आणखी एक अर्थ आहे, जो हिब्रूत नाही. राग गातातही. मूळ संस्कृत धातू रंगण्याचा. मन ज्याने रंगतं तो राग, मग ते तापून रंगो वा सुरात. राग मांडायला गवय्याला सर्वांत आधी काय लागतं? दमसास. श्वास लांब ठेवता आला पाहिजे, घाईने सोडून चालत नाही, समेवर येईपर्यंत धरून ठेवावा लागतो. सीनायवर मोशेने ऐकलेल्या त्या दोन हिब्रू शब्दांचा यापेक्षा जवळचा मराठी अर्थ मला सापडलेला नाही. लांब नाकपुड्यांचा देव, म्हणजे दमसासाचा देव. छावणीतल्या देवळात पेटीचा भाता हलतो, पहिला सूर लागतो, मंडळी एकत्र श्वास घेते. त्या श्वासात हा अर्थ प्रत्येक रविवारी भरलेला असतो.